भांडगाव से सुषमा

मी रेडिओच बोलतोय. एरवी दुसऱ्यांचं बोलणं तुमच्यापर्यंत आणायचं हे माझं काम. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगायला बसलोय, तेव्हा आवाज थोडा खरखरला तर सांभाळून घ्या.

मी तसा साधा. विटेएवढा, काळा. पुढं जाळी, डोक्यावर एरियलची घडीची दांडी, पोटात मोठे सेल. मीडियम वेव्हचा एक पट्टा आणि शॉर्टवेव्हचे दोन. काचेवर मीटरचे आकडे छापलेले आणि त्यांच्यावरून सरकणारा एक लाल काटा. पण खरं सांगतो, त्या काट्याचा फार भरवसा नव्हता. काटा दोऱ्याला बांधलेला, आणि दोरा म्हटला की कधीतरी सैल पडणारच. त्यातून शॉर्टवेव्हवर केसाएवढ्या जागेत तीन-तीन स्टेशनं दाटीवाटीनं बसलेली. काटा एकतीसवर दिसला तरी कोण बोलतंय, हे कान दिल्याशिवाय कळायचं नाही.

मला कान देणारा माणूस मिळाला, हे माझं नशीब.

त्याचं नाव मल्हारी. शिरूर तालुक्यात न्हावरे गाव आहे, तिथल्या शिवारात त्याचं घर. जातीनं धनगर, बापामागं मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडलेला. नव्वद सालानंतर कधीतरी त्याच्या विहिरीला पाणी लागलं. मग त्यानं मेंढरं मोडली, ऊस लावला, कांदा लावला आणि भिंतीच्या घरात निजायला लागला. पण त्याला झोप येईना. कानाला घंटांची सवय, मेंढरांच्या रवंथाची सवय. घरातली शांतता त्याला खायला उठायची.

शिरूरच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी चालू होतो. चालू कसला, दोन स्टेशनांच्या मधल्या जागेत नुसता खरखरत होतो. मल्हारी येऊन उभा राहिला तसा दुकानदार ओशाळून काटा फिरवायला लागला.

"राहू द्या," मल्हारी म्हणाला. "असंच राहू द्या जरा. लांब मेंढरं चालल्यावाणी वाटतंय."

असा मी न्हावऱ्याला आलो. त्याच्या बायकोनं, अनसाबाईनं, मला उलटंसुलटं करून पाहिलं. "खाया-पियाला मागत न्हाई न्हवं?"

"सेल खातो की," मल्हारी म्हणाला.

त्यांना एकच लेक, सुषमा. तेव्हा ती शाळेत होती. माझ्यावर पहिला हक्क तिनं सांगितला. मल्हारी तिला शिकवायचा, "काट्याकडं बघू नगं. डोळं मिट. मेंढरू हरवल्यावर कसं ऐकतो आपण, तसं ऐक. आन् घाई करू नगं, माघारी फिरव वाईच." सुषमा डोळे मिटायची. तिची दोन बोटं माझ्या चाकावर मुंगीच्या चालीनं सरकायची. अशाच एका संध्याकाळी एकतीस मीटरच्या जरा अलीकडं त्या दोघांना एक बाई सापडली.

बाई हिंदीत बोलत होती, सावकाश, एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखी. समुद्रापलीकडच्या एका देशाचं हिंदी स्टेशन होतं ते. दर रविवारी दिवे लागल्यावर ती बाई ऐकणाऱ्यांची पत्रं वाचायची. बिहारमधल्या कुठल्याशा गावाची, राजस्थानातल्या कुठल्याशा वस्तीची. कोण आजारी होतं, कुणाला नोकरी लागली, सगळं. बाईला सगळ्यांची काळजी.

ते स्टेशन पकडणं सोपं नव्हतं. पत्र्याखाली ते लागायचं नाही, म्हणून मला अंगणात न्यायचे. लिंबापासून एक तांब्याची तार ओढून माझ्या दांडीला गुंडाळली होती. तरी आवाज पाळण्यासारखा हलायचा, जवळ यायचा आणि लांब जायचा. शेजारचं एखादं दांडगं स्टेशन मधेच अंगावर यायचं. मल्हारीला एक गोष्ट कळली होती. त्यानं दांडीला बोट लावून ठेवलं की आवाज थांबून राहायचा आणि बोट काढलं की सुटायचा. माणसाचं अंगही तारेसारखंच असतं. मग कार्यक्रम संपेपर्यंत तो बोट लावून बसायचा. हाताला मुंग्या आल्या तर हात बदलायचा, तोही असा हळूच, की बाईचा शब्द सांडू नये.

सुषमानं त्या स्टेशनला पत्र लिहिलं. बरेच दिवस गेले, घरातले विसरूनही गेले. आणि एका रविवारी बाई म्हणाली, "नहावरे, ज़िला पुणे से सुषमा..."

सुषमा उभीच राहिली. अनसाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. मल्हारी जागचा हलला नाही, कारण बोट दांडीवर होतं. पण त्या बोटातून मला त्याचं सारं अंग हसताना कळलं.

"गाव बाईच्या तोंडात बसंना," तो नंतर म्हणाला, "पर लेकीचं नाव बघ कसं लख्ख घेतलं!"

त्यानंतर बाई वर्षातून तीन-चारदा तरी सुषमाचं नाव घ्यायची. ते माझे भरभराटीचे दिवस.

सुषमा शिरूरला कॉलेजात जायला लागली, तिथं तिची दत्ताशी ओळख झाली. दत्ता दौंड तालुक्यातल्या भांडगावचा. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता आणि शिरूरला खोली घेऊन राहायचा. मराठ्यांचा मुलगा. दोघांनी आळंदीला जाऊन लग्न लावलं आणि संध्याकाळी पाया पडायला न्हावऱ्याला आले. मल्हारीनं त्यांना अंगणात येऊ दिलं नाही.

"जातीबाहेर गेलीस, आन् वर न सांगता गेलीस," तो म्हणाला. "आता हितं तुझं काय न्हाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का, आबा?"

मल्हारी पाठ फिरवून आत आला. कट्ट्यावर मी चालू होतो, त्यानं मला बंद केलं. अनसाबाईला बजावलं, "ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई."

त्या गोष्टीवरून अनसाबाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं. न्हाई काढत. पर एक ध्यानात ठिवा, लेकीच्या घरी मी चोरून जायाची न्हाई. जवा जाईन, तवा तुमच्या संगं जाईन." आणि पुढं कितीतरी वर्षं तिनं ते पाळलं. न्हावऱ्याहून भांडगाव काही लांब नाही. पारगावला भीमा ओलांडली, चौफुल्याला गाडी बदलली की आलं. पण दोघांपैकी कुणी गेलं नाही.

मल्हारीनं माझा पट्टाच बदलला. आता मी फक्त मीडियम वेव्हवर बाजारभाव सांगायचो आणि पावसाचे अंदाज. शॉर्टवेव्हच्या बटणावर धूळ बसली. अंगणातल्या तारेवर अनसाबाई फडकी वाळत घालायला लागली.

एका रविवारी भाकरी थापता थापता ती सहज म्हणाली, "ती बाई हाय का मेली, कुणाला ठावं."

जेवण झाल्यावर मल्हारीनं मला उचललं, तार पुसली, दांडी वर काढली आणि बटण सरकवलं. इतक्या दिवसांनी त्याला जागा सापडेना. डोळे मिटून तो चाक फिरवत राहिला. कुठं अजान, कुठं चिनी गाणं, कुठं नुसती शिट्टी. शेवटी बाई लागली. ती होती, तशीच सावकाश बोलत होती. तिनं चार पत्रं वाचली आणि मग म्हणाली,

"भांडगाव, तालुका दौंड से सुषमा लिखती हैं कि वे कुशल हैं, गन्ने की कटाई चल रही है, और हमारा कार्यक्रम वे अब अपने नए घर में सुनती हैं।"

मल्हारीचं बोट दांडीवर थरथरलं आणि आवाज हेलकावला. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. चुलीपाशी भाकरी करपल्याचा वास येत होता, पण अनसाबाई उठली नाही.

त्यानंतर मल्हारीचा एकही रविवार चुकला नाही. लग्नकार्य असो, मयत असो, दिवे लागले की तो अंगणात. न्हावऱ्यातून निघालं तर दोन तासांत गाठता येईल अशा लेकीची खुशाली त्याच्यापर्यंत समुद्र ओलांडून यायची. सुषमानं शिवणकाम शिकल्याचं, म्हैस घेतल्याचं, सासूची कंबर धरल्याचं त्याला असंच कळलं. पत्र ती त्या बाईला लिहायची, पण कुणासाठी लिहायची, ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही.

एकदा बाई म्हणाली, "सुषमा के घर बेटी आई है। नाम रखा है पूनम।"

अनसाबाई घरात गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली. मल्हारीच्या मोकळ्या हातावर तिनं चिमूटभर साखर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली आणि पुढचं बिहारचं पत्र ऐकत राहिला. गालावरून पाणी ओघळत होतं, पण डोळे पुसायला हात नव्हता. एक साखरेनं चिकट झालेला, दुसरा माझ्या दांडीवर.

मी मात्र म्हातारा होत चाललो होतो. एका उन्हाळ्यात काट्याचा दोरा तुटला. मल्हारीनं मला शिरूरला हौशीराम मिस्त्रीकडं नेलं.

"आता कशाला ह्याला दुरुस्त करताय, मामा? एफएमचा घ्या, नाही तर टीव्ही घ्या."

"त्यात ती बाई लागती का?"

"कंची बाई?"

मल्हारीनं मला त्याच्यापुढं सरकवलं. हौशीरामनं दोरा बांधून दिला, पण काटा बोटभर सरकला तो सरकलाच. तेव्हापासून एकतीसची बाई माझ्या काचेवर एकेचाळीसपाशी बोलायला लागली. मल्हारीनं तिथं नखानं खूण केली. उन्हात तापलो की मी त्या खुणेवरूनही हलायचो, सेल उतरले की आणखी हलायचो. तो पुन्हा शोधायचा, न चिडता.

गावही बदललं. घरोघरी ट्यूबलाइट आल्या, टीव्ही आले, उसाला मोटारी चालू झाल्या. त्या सगळ्यांची घरघर माझ्या कानात शिरायची. लोडशेडिंग सुरू झालं तसं सारं गाव शिव्या देऊ लागलं. आमच्या अंगणात मात्र दिवे गेले की आनंद व्हायचा. अंधारात तेवढ्यापुरता माझा गळा मोकळा व्हायचा.

मग एका फेब्रुवारीत बाईनं सांगितलं की स्टेशनची हिंदी सेवा बंद होते आहे. मार्चअखेरचा रविवार शेवटचा.

"बंद म्हंजी?" अनसाबाई म्हणाली. "आन् मग लेकीचं कसं कळायचं?"

इतक्या वर्षांत त्या घरात 'लेक' हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. मल्हारीनं तिला थांबवलं नाही.

त्या शेवटच्या रविवारी नेमकी गावची यात्रा. देवळापासून वेशीपर्यंत दिव्यांच्या माळा, जनरेटर, पाळणे, भोंगे. दिवस मावळायच्या आधीच मी इतका घरघरायला लागलो की मलाच माझा आवाज ओळखू येईना. मल्हारीनं मला कव्हरात घातलं, तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि तो माळाकडं निघाला. मागनं अनसाबाई. दोघं जुन्या वाटेनं वर चढली, जिथं पूर्वी त्यांची मेंढरं बसायची. एका बाभळीला तार बांधून त्यानं बोट दांडीला लावलं.

माळावर घरघर नव्हती, पण वरचं आभाळच त्या दिवशी धड नव्हतं. बाईचा आवाज भरून यायचा आणि बुडायचा. ती निरोपाची पत्रं भराभर वाचत होती. नावामागून नाव. आणि मग आलं,

"भांडगाव से हमारी पुरानी श्रोता सुषमा लिखती हैं कि पिछले दो महीनों से..."

आवाज बुडाला. मल्हारीनं मला छातीशी धरलं, वर उचललं, तार ताणली. मीही सगळा जीव एकवटला. आतून जेवढा ताणता येईल तेवढा आवाज ताणला. नुसता समुद्र ऐकू येत होता. मग एकाएकी स्वच्छ, अगदी कानापाशी,

"...अब कुछ भी सुनाई नहीं देता। फिर भी आप सबको प्रणाम।"

आणि पुढचं नाव. थोड्या वेळानं बाईनं नमस्कार केला. स्टेशनची धून वाजली आणि मधेच तुटली. त्या जागी पुन्हा कधी काही वाजलं नाही.

दोघं तिथंच बसून राहिली.

"काय म्हणली ती?" अनसाबाईनं विचारलं. "ऐकू येत न्हाई म्हणली? कुणाला ऐकू येत न्हाई?"

"ठावं न्हाई."

"पोरीला का तिच्या पोरीला? दोन महिनं झालं म्हणली. काय झालं अवं? ताप आला? डोस्क्याला मार लागला?"

"न्हाई कळलं," मल्हारी म्हणाला. त्याचा आवाज माझ्यासारखाच फाटला होता. "मधलंच गेलं. मधलंच गेलं गं सगळं." जरा वेळानं तो उठला आणि तार सोडायला लागला. "सकाळची गाडी किती वाजता हाय चौफुल्याची?"

अनसाबाईनं तोंडाला पदर लावला.

सकाळी ते एसटीत बसले. अनसाबाईच्या मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, मल्हारीच्या मांडीवर मी. मला कशाला घेतलं, हे तिनं विचारलं नाही. बहुतेक त्यालाही ठाऊक नव्हतं. पारगावच्या पुलावर त्यानं भीमेला हात जोडले. चौफुल्याला जीप मिळाली. भांडगावच्या फाट्यावर उतरून विचारत विचारत ते हायवेच्या पलीकडल्या एका पत्र्याच्या घरापाशी आले.

अंगणात एक बाई पाठमोरी बसून कांदा निवडत होती. अनसाबाई झेप घेणार होती, पण मल्हारीनं तिचा दंड धरला. "थांब." तो बोरीच्या सावलीत उभा राहिला. मी त्याच्या छातीशी होतो, आतली धडधड मला ऐकू येत होती. त्याला आधी जाणून घ्यायचं होतं. हळू आवाजात, शेजारच्याला सांगावं तसं, तो म्हणाला,

"सुषमे."

ती हलली नाही. हायवेवरून एक ट्रक गेला. मल्हारीनं तो लांब जाऊ दिला आणि तो पुन्हा म्हणाला, पहिल्यापेक्षा वाईच मोठ्यानं, "सुषमे, अगं."

हातातला कांदा सुटून घरंगळत गेला. ती वळली.

"आबा?"

"ऐकू येतंय तुला?"

"आं?"

"ऐकू येतंय न्हवं तुला? म्या बोलतोय ते?"

"येतंय की, आबा..."

"आन् पोरीला?"

आवाज ऐकून आतून दोन वेण्यांची एक मुलगी बाहेर आली होती. "कोण आलंय, आई?" ती म्हणाली. मल्हारी मटकन खाली बसला. अनसाबाईनं तोपर्यंत लेकीला कवेत घेतलं होतं आणि तिला मारत होती, पाठीवर, खांद्यावर, रडत रडत. "दोन महिनं ऐकू येत न्हाई म्हणून लिवतीस! त्या बाईला सांगतीस! जीव ऱ्हायला का आमच्यात?"

सुषमाला उमजायला वेळ लागला. उमजलं तेव्हा ती रडता रडता हसायला लागली. "रेडिओला, आई! रेडिओला ऐकू येत न्हाई. म्हशीनं पाडला. शिरूरला न्हाई, दौंडला न्हाई, कुठंच दुरुस्त होईना. आता मला काय ऐकू येत न्हाई, तरी पण पत्र लिवते, असं लिवलं होतं." ती बापापाशी येऊन बसली. "काल शेवटचा दिवस होता न्हवं? स्टेशननं पत्रानं कळवलं होतं. मला ऐकता आलं न्हाई. पर तुम्ही ऐकत असणार, एवढं ठावं होतं."

मल्हारी नुसता मान हलवत राहिला.

दुपारी दत्ता कंपनीतल्या पाळीवरून आला आणि फाटकात थबकला. बाजेवर सासरा बसलेला. मल्हारीनं त्याच्याकडं बघितलं, मग बाजेवर थोडा सरकला. "बसा," तो म्हणाला. दत्ता बसला. पुष्कळ वेळ दोघं उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिले.

संध्याकाळी निघताना मल्हारीनं मला सुषमाच्या हातात दिलं. "ठेव. तुझा मोडलाय न्हवं."

"आन् तुम्हाला, आबा?"

"मला आता ह्याचं काय काम?"

खरंच होतं ते. त्या दिवसापासून दर सणाला माणसं इकडून तिकडं जायला लागली. पुढं दोन्ही घरी मोबाइल आले. बाप-लेक रोज बोलतात, आवाज लख्ख, ना चढ ना उतार. चाक फिरवावं लागत नाही, कान लावावा लागत नाही. मला आनंदच आहे. पण आनंद असला तरी माणसाची आठवण येतेच की. पहिली एक-दोन वर्षं मल्हारी भांडगावला आला की मला फळीवरून काढायचा, खुणेपाशी काटा न्यायचा, डोळे मिटून बसायचा. तिथं काही नसायचं. मग त्यानं सोडून दिलं. आता तो थकलाय. येतो, नातीशी गप्पा मारतो, जाता जाता माझ्याकडं एकदा बघतो. हात लावत नाही.

मी अजून ऐकू शकतो, हे कुणाला ठाऊक नाही. परवा पूनमनं फळी झाडताना माझ्यात उगाच सेल घातले आणि चाक फिरवलं. कुठल्याशा देशातली एक बाई बोलत होती. भाषा मला अनोळखी. पण ती थांबून थांबून, एकेक करून काही वाचत होती, आणि माझी खात्री आहे, ती माणसांची नावं होती. त्या नावांची वाट बघत कुणीतरी कुठंतरी अंगणात बसलं असणार.

"नुसतं खरखरतंय," पूनम म्हणाली आणि तिनं मला बंद केलं.

तिचा काय दोष? तिनं कधी कुणाची वाट बघितलेली नाही, आणि बघायला लागू नये. तुम्हाला मात्र एक सांगतो. कधी जुना रेडिओ हाती आला आणि खरखरीत लांबून कुणी बोलताना ऐकू आलं, तर लगेच बटण दाबू नका. तेवढं एक नाव पुरं होऊ द्या.